हँड कंट्रोलर मेला, दुर्बीण वाचली! मोटरवाला माउंट मोबाइलवरून चालवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर



मोबाइलचा चार्जर खराब झाला तर आपण काय करतो? कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरा आणतो. आता बहुतेक फोनला टाइप-सी पिन चालते, त्यामुळे चार्जर कुठल्या कंपनीचा आहे याने फारसा फरक पडत नाही. पण समजा, तुमच्या फोनची पिन एकाच कंपनीची असती, कंपनीने ती बनवणं बंद केलं असतं, आणि फोन मात्र ठणठणीत असता, तर? चांगला चालणारा फोन कपाटात धूळ खात पडला असता.

आमच्या ग्रुपच्या दुर्बिणीचं अगदी हेच झालं होतं. ती परत कशी उभी राहिली, त्यामागचं सॉफ्टवेअर नेमकं काय करतं आणि दुर्बीण नसली तरी तुम्ही ते आज रात्री फुकटात कसं वापरून बघू शकता, हे या लेखात सांगतो.

आधी आमची अडचण

सांगलीत आमचा दहा-बारा जणांचा आकाशनिरीक्षणाचा ग्रुप आहे. ग्रुपचे सगळ्यात ज्येष्ठ सभासद निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही त्यांना नाना म्हणतो. मोटरवाला माउंट नानांचा. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी तो घेतला आणि पहिल्या दिवसापासून ग्रुपच्या हवाली केला. दरवर्षी थंडीत आम्ही जतच्या बाजूला एक-दोन शाळांत दुर्बीण घेऊन जातो. तिकडे अजून रात्री खरा अंधार असतो.

एका मे महिन्यात माउंटचा हँड कंट्रोलर बंद पडला. हँड कंट्रोलर म्हणजे वायरला जोडलेला रिमोट, ज्याची बटणं दाबून दुर्बीण फिरवतात. विक्रेत्याकडे चौकशी केली तर उत्तर आलं, हे मॉडेल बंद झालंय, सुटा भाग मिळणार नाही, नवा माउंट घ्या. माउंटचं लोखंड, गिअर, बेअरिंग सगळं उत्तम होतं. मेलं होतं ते फक्त डोकं, आणि त्या डोक्यात काय लिहिलंय ते कंपनीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

नाना म्हणाले, "अरे, नुसती नळी हाताने ढकलून दाखवू मुलांना. पूर्वी नाही का दाखवत होतो?"

त्यांच्या आवाजावरून कळत होतं की त्यांना वाईट वाटलंय. पावसाळा तोंडावर होता. पुढचे चार महिने आकाश दिसणारच नव्हतं. मी म्हटलं, "नाना, दिवाळीपर्यंत माउंट माझ्याकडे ठेवू का?"

माउंट म्हणजे काय आणि त्याला मोटर कशाला?

दुर्बिणीची नळी ज्या फिरत्या बैठकीवर बसते तिला माउंट म्हणतात. नवीन माणूस नळीकडे बघतो, जुना माणूस आधी माउंटकडे बघतो. कारण सोपं आहे, पृथ्वी फिरते.

आकाशातलं अंतर अंशात मोजतात. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतं. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण पौर्णिमेचा चंद्र साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणजे आकाश दोन मिनिटांत एक अख्खा चंद्र सरकतं. १०० पट मोठं दाखवणाऱ्या साध्या आयपीसमध्ये जेमतेम अर्धा अंश आकाश मावतं. ग्रह मधोमध आणून ठेवला की मिनिटभरात तो कडेला जातो आणि गायब होतो. रांगेत ४० मुलं उभी असतील तर दर दुसऱ्या मुलासाठी दुर्बीण नव्याने रोखावी लागते.

यावरचा जुना उपाय म्हणजे विषुववृत्तीय माउंट. याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवतात, म्हणजे व्यवहारात ध्रुवताऱ्याच्या दिशेने रोखतात. मग पृथ्वी ज्या वेगाने पूर्वेकडे फिरते त्याच वेगाने हा एक अक्ष उलट फिरवला की तारा जागेवर थांबल्यासारखा दिसतो. या अक्षावरच्या मापाला विषुवांश म्हणतात आणि दुसऱ्या अक्षावरच्या मापाला क्रांती. जमिनीवर जसे रेखांश-अक्षांश, तसे आकाशात विषुवांश-क्रांती. कुठल्याही ताऱ्याचा पत्ता या दोन आकड्यांत लिहिता येतो.

म्हणून मोटरवाल्या माउंटच्या डोक्याला मुख्यतः दोन कामं येतात. पहिलं, आकाशाच्या वेगाने फिरत राहणं, याला ट्रॅकिंग म्हणतात. दुसरं, दिलेल्या पत्त्यावर नळी नेणं, याला गोटू म्हणतात.

इथे ओपन सोर्स येतं

ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि पुढे देता येतो. फुकट मिळणं हा त्यातला छोटा फायदा. मोठा फायदा असा की बनवणारा उद्या थांबला तरी वापरणाऱ्याचं यंत्र थांबत नाही.

दुर्बिणीच्या दुनियेत असं सॉफ्टवेअर भरपूर आहे. गोंधळ होऊ नये म्हणून मी त्याचे तीन थर करतो.

खालचा थर: मोटर फिरवणारा. आम्ही वापरलं ते ऑनस्टेप. हॉवर्ड डटन यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आहे आणि त्याचा कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे. हा परवाना सांगतो की कोड वापरा, बदला, पण बदललेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलंत तर त्याचा कोडही द्या. ऑनस्टेप अनेक प्रकारच्या छोट्या बोर्डांवर चालतं. आम्ही ईएसपी३२ घेतला. ही वायफाय असलेली स्वस्त चिप आहे, घरातल्या अनेक स्मार्ट उपकरणांत असते.

मधला थर: दुभाषी. कॅमेरा एका कंपनीचा, माउंट दुसऱ्याचा, फोकसर तिसऱ्याचा. या सगळ्यांना एका भाषेत बोलायला लावण्यासाठी लिनक्सच्या जगात इंडी नावाची व्यवस्था आहे. एल्वूड डाउनी यांनी तिचा पाया घातला आणि जासेम मुतलक यांनी ती पुढे वाढवली. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर इंडीचा सर्व्हर चालवतात, तो माउंटपाशी राहतो आणि तुम्ही लॅपटॉप घेऊन घरात बसता. विंडोजवर हेच काम अ‍ॅस्कॉम करतं.

वरचा थर: नकाशा. स्क्रीनवर आकाश दाखवून "इथे जा" म्हणता येईल असं सॉफ्टवेअर. स्टेलॅरियम आणि केस्टार्स ही यातली दोन मोठी नावं, दोन्ही ओपन सोर्स.

तिन्ही थर एकमेकांशी जुळतात, कारण सगळ्यांना एक जुनी बोली येते. मीड कंपनीच्या एलएक्स२०० या दुर्बिणीची आज्ञावली पुढे इतकी पसरली की ती आज जवळपास सगळ्यांची समाईक भाषा झाली आहे. ती भाषा साधी आहे. 'कोलन, जी, आर, हॅश' एवढी चार अक्षरं पाठवली की माउंट आपला विषुवांश सांगतो. आधी पत्ता द्यायचा आणि मग 'कोलन, एम, एस, हॅश' पाठवलं की दुर्बीण निघते. 'कोलन, क्यू, हॅश' म्हणजे थांब. ऑनस्टेपला हीच भाषा कळते. म्हणून माउंट आम्ही घरी जोडलेला असला तरी जगातल्या कितीतरी अ‍ॅप्सना तो अनोळखी वाटत नाही.

टाइप-सी पिनचं उदाहरण आठवलं ना? इथली टाइप-सी म्हणजे ही बोली.

बुधवार पेठ आणि पावसाळ्याचं काम

ऑनस्टेप स्टेपर मोटर फिरवतं, म्हणून जुन्या मोटरी काढून नव्या बसवायच्या ठरल्या. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एक दुपार घालवली. दोन स्टेपर मोटर, दोन मोटर ड्रायव्हर, ईएसपी३२, बेल्ट-पुली, वायरी आणि बारा व्होल्टचा सप्लाय. थ्रीडी प्रिंटरमध्ये याच वस्तू लागतात, त्यामुळे त्या सहज मिळतात. आमचा सगळा खर्च साडेपाच हजारांच्या आत बसला. मोटर बसवायच्या पट्ट्या ग्रुपमधल्या एकाच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये कापून घेतल्या.

पहिल्याच आठवड्यात एक ड्रायव्हर जाळला. सप्लाय चालू असताना मोटरचा प्लग काढला आणि संपलं. तुम्ही हे करून बघणार असाल तर हे वाक्य लक्षात ठेवा: मोटर जोडताना किंवा काढताना आधी पॉवर बंद.

आता थोडं गणित, कारण ऑनस्टेपला हाच आकडा हवा असतो: अक्ष एक अंश फिरायला मोटरने किती पावलं टाकायची?

आमच्या मोटरची एक फेरी म्हणजे २०० पावलं. मोटरच्या पुलीला २० दाते, वर्म गिअरच्या पुलीला ६०, म्हणजे तिपटीची घट. वर्म गिअरच्या चाकाला १४४ दाते. म्हणजे अक्षाच्या एका फेरीसाठी मोटरच्या ३ गुणिले १४४, एकूण ४३२ फेऱ्या, आणि पावलं झाली ८६,४००.

हा आकडा ओळखीचा वाटतोय का? २४ तासांचे सेकंदही ८६,४००! निव्वळ योगायोग, पण फार उपयोगी. म्हणजे सेकंदाला एक पाऊल टाकलं की काम झालं?

नाही ना! आपलं घड्याळ सूर्यावर चालतं, तारे नाही. ताऱ्यांच्या हिशोबाने पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत, म्हणजे ८६,१६४ सेकंदांत पूर्ण होते. त्यामुळे सेकंदाला एका पावलापेक्षा किंचित जास्त वेग लागतो. हा किंचितचा फरक सोडून दिला तर तासाभरात तारा सुमारे अडीच कला सरकतो. डोळ्याने बघताना चालून जाईल, फोटोत मात्र ताऱ्याची रेघ येईल.

शिवाय एक अख्खं पाऊल म्हणजे १५ विकलांचा धक्का. नळी अशी हिसके देत फिरली तर चित्र थरथरतं. म्हणून ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतो, याला मायक्रोस्टेपिंग म्हणतात. आता एका फेरीला १३,८२,४०० सूक्ष्म पावलं, म्हणजे अंशाला ३,८४० आणि प्रत्येक पाऊल एका विकलेपेक्षाही छोटं. ट्रॅकिंगसाठी मोटर सेकंदाला साधारण १६ वेळा हलते.

हा आकडा कॉन्फिग नावाच्या फाइलमध्ये लिहायचा, फाइल यूएसबीने बोर्डवर चढवायची, की बोर्डचं डोकं तयार. ऐकायला सोपं, आणि चुकायला त्याहून सोपं!

व्याध कुठे गेला?

डिसेंबरातल्या पहिल्या चाचणीला आम्ही गच्चीवर चढलो. नानांनी रोहिणी नळीत आणून दिली, मी फोनवर "हीच रोहिणी" असं सांगितलं. याला सिंक म्हणतात. सिंक केलं की माउंटला आपण कुठे आहोत ते कळतं. मग व्याध निवडला आणि गोटू दाबलं. मोटरी गुणगुणल्या, नळी रुबाबात फिरली आणि थांबली. डोळा लावला तर व्याध नाही.

व्याध म्हणजे रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. तो सापडत नाही म्हणजे चूक मोठी होती. नळी त्याच्या बऱ्याच पूर्वेला जाऊन थांबली होती. परत रोहिणीवर पाठवली तर बरोबर रोहिणीवर आली. परत व्याधाकडे, तर परत तेवढीच पुढे.

नाना खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, "पोरा, दरवेळी तेवढंच चुकतंय ना? मग ती चूक हिशोबात आहे. यंत्रात असती तर दरवेळी वेगळी आली असती."

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. रोहिणीपासून व्याधापर्यंत विषुवांशाच्या अक्षावर सुमारे ३२ अंश जायचं होतं, नळी गेली होती सुमारे ४० अंश. ४० भागिले ३२ म्हणजे सव्वा पट. फाइल उघडली. वर्म गिअरचे दाते मी १८० लिहिले होते! दुसऱ्या कुणाच्या तरी माउंटची माहिती वाचून आकडा तसाच उतरवला होता. १८० भागिले १४४ सुद्धा सव्वा पटच. आकडा बदलला, फाइल परत चढवली, परत सिंक, परत गोटू.

या वेळी डोळा लावायची गरजच पडली नाही. आयपीसमधून येणारा व्याधाचा उजेड नानांच्या चष्म्याच्या काचेवर पडलेला दिसला.

कोडमधला आकडा दिसत होता म्हणून चूक सापडली. जुन्या बंद डब्यात हीच चूक असती तर आम्ही फक्त "माउंट खराब आहे" एवढंच म्हणत बसलो असतो.

मोबाइल कुठे अडतो?

ऑनस्टेपला मोबाइलवरून दोन प्रकारे चालवता येतं. त्याचं अँड्रॉइड अ‍ॅप आहे, नाहीतर बोर्डच्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये त्याचं वेबपेज उघडायचं. दोन्हीत दिशांची बटणं, सिंक, गोटू आणि थांबवण्याचं बटण असतं. पण आपल्याकडच्या वापरात तीन ठिकाणी ठेच लागते.

एक, मोबाइल डेटा. बोर्डच्या वायफायला इंटरनेट नसतं. फोन हुशारी करतो, "या नेटवर्कवर इंटरनेट नाही" म्हणतो आणि गुपचूप मोबाइल डेटावर जातो. तुम्ही बटण दाबताय आणि दुर्बीण ढिम्म! आम्ही यात अर्धी रात्र घालवली. उपाय: मोबाइल डेटा बंद करा आणि फोनने विचारलं तर "कनेक्टेड राहा" निवडा.

दोन, वेळ. आमच्या बोर्डमध्ये स्वतःचं घड्याळ नाही, पॉवर गेली की तो वेळ विसरतो. रोज सुरू करताना फोनवरून तारीख, वेळ आणि ठिकाण द्यावं लागतं. वेळ चार मिनिटांनी चुकली की आकाशाचा हिशोब एका अंशाने चुकतो.

तीन, उलटी चिन्हं. एलएक्स२०० ची पद्धत अमेरिकेत जन्मली, त्यामुळे तिच्यात पश्चिम रेखांश अधिक आणि पूर्व रेखांश उणे धरतात. वेबपेजवर हाताने माहिती भरताना सांगलीचा रेखांश उणे ७४ अंश ३५ कलांच्या आसपास लिहावा लागतो. वेळेचा फरकही उलटा, आपल्या अधिक साडेपाच तासांऐवजी उणे साडेपाच. पानावर हे लिहिलेलं असतं, पण घाईत कोण वाचतं! चिन्ह चुकलं की बोर्डला वाटतं आपण अमेरिकेच्या बाजूला आहोत, आणि समोर दिसणारा तारा क्षितिजाखाली आहे म्हणून तो जायलाच नकार देतो.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाची. ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच दिसतो, तर जवळपास तुमच्या अक्षांशाएवढा. सांगलीत सुमारे १७ अंश, पुण्यात साडेअठरा, नागपुरात २१, पणजीत साडेपंधरा. इतक्या खाली तो अनेकदा समोरच्या इमारतीमागे किंवा झाडामागे जातो. काही माउंट युरोप-अमेरिका डोळ्यासमोर ठेवून बनवलेले असतात, त्यांचा अक्ष २० अंशांच्या खाली नीट झुकतच नाही. जुना माउंट विकत घेताना हे आधी बघा. सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी लोखंड वाकवू शकत नाही.

काय जमतं, काय जमत नाही

ओपन सोर्स म्हणजे जादू नाही, हेही सांगायला हवं.

गिअर थोडे ढिले असतील तर दिशा बदलताना मोटर फिरते पण नळी क्षणभर हलत नाही. याला बॅकलॅश म्हणतात. ऑनस्टेप तेवढी जास्त पावलं टाकून भरपाई करतं, पण मुळातला ढिलेपणा पान्यानेच काढावा लागतो. वर्म गिअर अगदी अचूक कापलेला नसतो. आमचा वर्म साधारण दहा मिनिटांत एक फेरी करतो आणि दर दहा मिनिटांनी तारा तसाच डुलतो. डोळ्याने बघायला काही फरक पडत नाही. लांब एक्सपोजरचे फोटो काढायचे असतील तर पीएचडी२ हे आणखी एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर लागतं. ते छोट्या कॅमेऱ्यातून एका ताऱ्यावर सतत नजर ठेवतं आणि तारा जरा हलला की माउंटला सावरून घ्यायला सांगतं.

हेल्पलाइन नाही. माहितीपत्रकं इंग्रजीत आहेत. वॉरंटीतला माउंट उघडलात तर वॉरंटी बहुधा गेली. तुमचा माउंट चालू स्थितीत असेल तर तो उघडूच नका. इंडी किंवा अ‍ॅस्कॉममध्ये त्याचा ड्रायव्हर आहे का ते बघा, बहुतेक वेळा असतो, आणि एका केबलवर काम भागतं.

आणि एक धोका. आज्ञा मिळाली की मोटर निघते, वाटेत काय आहे ते तिला दिसत नाही. नळी तिकाटण्यावर आपटू नये म्हणून सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा घालून ठेवा, आणि थांबवण्याचं बटण कुठे आहे ते दुर्बीण सुरू करण्यापूर्वी बघा. दिवसा, योग्य सौर फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडाला लावलेला नसताना, गोटू कधीही वापरू नका. फिरताना नळी सूर्यावरून गेली आणि त्याच क्षणी कुणाचा डोळा आयपीसला असला तर तो डोळा परत येणार नाही.

मराठी बटणं

जानेवारीत जतकडच्या शाळेत जायचं ठरलं. त्याआधी ग्रुपमधली अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "दादा, ही बटणं मराठीत नाही का करता येणार? तिकडची मुलं बघत बसतील."

मी म्हटलं, कोड उघडा आहे, बघ तूच. वेबपेजवरचे शब्द वेगळ्या भाषांसाठी वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेले होते. तिने एका फाइलची कॉपी केली आणि रविवारी दिवसभर बसून शब्द बदलले. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण, इथे जा, थांब. 'सिंक'ला काय म्हणायचं यावर आमची बरीच चर्चा झाली. शेवटी तिने लिहिलं, 'हाच तो तारा'. त्याहून चांगला शब्द मला अजून सुचलेला नाही.

शाळेच्या मैदानात त्या रात्री पन्नासेक मुलं होती. फोन एका सातवीतल्या मुलाच्या हातात दिला. त्याने यादीतून मृग नक्षत्रातला तेजोमेघ निवडला, 'इथे जा' दाबलं आणि मोटरीचा आवाज आल्यावर दचकून एक पाऊल मागे सरकला. नळी थांबली. मग एकेक जण येऊन बघत गेला, तो धुरकट पांढुरका ढग आणि त्यातले चिकटून बसलेले छोटे तारे. रांग संपेपर्यंत तेजोमेघ आयपीसच्या बाहेर गेला नाही. शेवटी नाना आले. त्यांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला, काही बोलले नाहीत. मग त्या मुलाकडे वळून म्हणाले, "आता कृत्तिका लाव बघू."

तुम्ही आज काय करू शकता?

दुर्बीण नसली तरी चालेल. लॅपटॉप किंवा कॉलेजमधल्या कॉम्प्युटरवर स्टेलॅरियम टाका. त्यात टेलिस्कोप कंट्रोल नावाचं प्लगइन आहे, ते सुरू करून खोटी दुर्बीण जोडायचा पर्याय निवडा. स्क्रीनवर एक खूण येईल. एखादा तारा निवडा, दुर्बिणीला तिकडे जायला सांगा, खूण सरकत जाताना दिसेल. लिनक्स येत असेल तर केस्टार्स आणि इंडीमधला टेलिस्कोप सिम्युलेटर वापरून बघा. त्यात खोटा माउंट, खोटा कॅमेरा सगळं आहे. खर्च शून्य, आणि जळायला ड्रायव्हरही नाही.

हे जमलं की पुढची पायरी: एक ईएसपी३२, एक ड्रायव्हर, एक स्टेपर मोटर. टेबलावर ठेवून फोनवरून मोटर फिरवा. मोटर तुमच्या आज्ञेने पहिल्यांदा फिरते तेव्हा जी मजा येते ती अनुभवण्यासारखी आहे.

आणि तुमच्या शाळेत, कॉलेजात किंवा ओळखीतल्या कुणाकडे रिमोट मेलेली दुर्बीण कपाटात पडून असेल, तर ती भंगारात जाण्याआधी एकदा विचारा, "गिअर फिरतात का?" फिरत असतील तर डोकं नवीन बसवता येतं.